पगार थांबला तर घर किती दिवस चालेल? नागपुरातल्या घरासाठी मंदीआधीची तयारी

मंदी आली हे पेपरात छापून यायच्या आधी घराला कळलेलं असतं. बुटीबोरीच्या कारखान्यात ओव्हरटाइम बंद होतो, मिहानमधल्या ऑफिसात पगारवाढ ‘पुढच्या तिमाहीत बघू’वर जाते, इतवारीतला ठोक व्यापारी किरकोळ दुकानदाराला पंधरा दिवसांऐवजी आठ दिवसांत पैसे मागायला लागतो. यातलं काही दिसायला लागल्यावर तयारी सुरू केली तर ती अर्धीच होते, कारण खालची बरीच कामं पगार चालू असतानाच करता येतात.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराची अडचण ठरलेली आहे. मालमत्ता असते, रोकड नसते. बेसा-बेलतरोडीकडे एक प्लॉट, कपाटात आठ-नऊ तोळे, दोन एलआयसीच्या पॉलिस्या, पतसंस्थेत ठेव, कॉलनीतली भिशी, आणि खात्यात जेमतेम दीड महिन्याचा खर्च. प्लॉटवर हप्ता भरता येत नाही आणि दूधवाल्याला तोळा तोडून देता येत नाही. मंदीत सगळ्यात आधी गिऱ्हाईक आटतं ते प्लॉटचंच, त्यातही आर.एल. (प्लॉट नियमित केल्याचं रिलीज लेटर) न झालेल्या प्लॉटचं, कारण त्यावर घेणाऱ्याला बँकेचं कर्ज मिळणं मुश्कील. तेव्हा ‘प्लॉट आहे ना’ हे वाक्य हिशेबाच्या बाहेर ठेवून सुरुवात करा.

आधी दिवस मोजा

गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. तीन महिन्यांचं पुरत नाही, कारण नागपूरचं वर्ष सपाट नसतं. होळी झाली की कुलर निघतो, मे महिन्याचं वीजबिल जानेवारीच्या दुप्पट-तिप्पट येतं. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतात. कुलरवर भागलं तर बरीच घरं ३०० च्या आत राहतात. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की वरची युनिटं महागड्या टप्प्यात जातात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे उन्हाळ्याचं शेवटचं मोठं बिल आणि फी-वह्या-गणवेश एकाच पगारावर येऊन पडतात. त्यात घराचा टॅक्स, गाडीचा विमा, लग्नसराईतले आहेर.

स्टेटमेंटमधल्या प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: पगार बंद झाला तरी हा खर्च टळणार नसेल तर ‘ट’, टळणार असेल तर काट. वर्षातून एकदा येणारे खर्च बेरजेला घेऊन बाराने भागा. इथेच बहुतेकांचं चुकतं. विम्याचा १८ हजारांचा हप्ता ‘या महिन्यात नाही’ म्हणून सुटतो आणि आकडा उगाच छान दिसतो.

मानेवाड्यातलं चौघांचं एक घर धरू, हातात पगार ५८ हजार:

घराची किस्त २१,७००
किराणा, दूध, भाजी ११,०००
वीज, गॅस, पाणी, मोबाइल (वर्षाची सरासरी) ४,२००
शाळेची फी आणि व्हॅन ५,५००
पेट्रोल २,५००
आईची औषधं १,८००
विम्याचे हप्ते ÷ १२ २,३००
न टळणारी बेरीज: ४९,०००

आता लगेच हातात येणारा पैसा. बचत खात्यात ६२ हजार, मोडता येईल अशी मुदत ठेव १ लाख २० हजार, मिळून १ लाख ८२ हजार. त्यातून क्रेडिट कार्डची ३५ हजारांची बाकी वजा करा, कारण तो पैसा आधीच खर्च झालेला आहे. राहिले १ लाख ४७ हजार. भागिले ४९ हजार, म्हणजे तीन महिने, नव्वद दिवस. प्लॉट १८ लाखांचा असो की २५ लाखांचा, या बेरजेत त्याचं मूल्य शून्य. हा नव्वदचा आकडा फ्रिजवर चिकटवा. पुढची सगळी कामं तो वाढवण्यासाठी आहेत.

किती दिवस पुरेसे? सरकारी पगार असेल तर तीन महिने चालतात. नवरा-बायको दोघं कमावते आणि दोन वेगळ्या धंद्यांत असतील तर चार-पाच. एकाच खासगी पगारावर घर असेल तर सहा महिन्यांखाली थांबू नका. दुकान, ठेकेदारी, कमिशनचं काम असेल तर नऊ ते बारा, आणि धंद्याचं भांडवल त्यात धरायचं नाही. दोघंही एकाच कंपनीत असतील तर ते एकच उत्पन्न समजा, कपात आली तर दोघांवर एकाच वेळी येऊ शकते.

कोणत्या क्रमाने

आधी एक महिन्याचा न टळणारा खर्च वेगळ्या खात्यात टाका. मग क्रेडिट कार्ड आणि तसली महागडी देणी मोकळी करा. मग उरलेले महिने भरा. कार्ड आधी आणि रोकड नंतर असं केलं तर पहिल्याच अडचणीत पुन्हा कार्ड घासावं लागतं आणि चक्र तिथेच येतं.

कार्डाची ‘किमान रक्कम’ म्हणजे काय चीज आहे ते एकदा पाहून घ्या. बाकी ४० हजार, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. एकूण १,६५२. किमान रक्कम पाच टक्के धरली तर तुम्ही भरले २,००० आणि मुद्दल कमी झालं ३४८ रुपयांनी. त्यातच नवीन खरेदी केली तर तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. या देण्यासाठी मुदत ठेव मोडावी लागली तरी मोडा. ठेवीवर सहा-सात टक्के मिळवून कार्डाला चाळीस टक्के देण्यात शहाणपण नाही.

वरच्या घराला सहा महिन्यांचं लक्ष्य गाठायला आणखी १ लाख ४७ हजार लागतात. दिवाळीचा बोनस ४० हजार मिळाला आणि तो सराफ्यात गेला नाही, तर उरले १ लाख ७ हजार. महिन्याला उरणारे नऊच्या नऊ हजार बाजूला टाकले तरी वर्ष लागतं. म्हणजे रविवारची सावजी पार्टी, नवा मोबाइल, हे सगळं वर्षभर आवरतं घ्यावं लागणार. या काळात घराच्या कर्जात जादा रक्कम भरणं थांबवा. एरवी ती चांगली सवय आहे, पण बँकेत भरलेलं मुद्दल अडचणीत परत मागता येत नाही (ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असेल तर गोष्ट वेगळी). किस्तीवर नवा प्लॉट घेणंही आता नको, लेआउटवाला कितीही सवलत देत असला तरी.

भिशी चालू असेल तर ती संपवा, मधेच तोडू नका, आणि नवी लावू नका. मंदीत भिशी कुठे फुटते हे ठरलेलं आहे: ज्यांनी आधी उचलली त्यांचा पगार थांबतो, ते हप्ता देत नाहीत, आणि शेवटी उचलणारा बसतो. तुमचा नंबर शेवटचा असेल तर घाटा सोसून आधी बोली लावण्याचा विचार करा.

पैसा ठेवायचा कुठे

व्याज किती मिळतं हा इथे दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न: मंगळवारी सकाळी मागितला तर मंगळवारी मिळतो का?

आठवडाभराचा खर्च घरात रोख, शंभर-दोनशेच्या नोटांत. एक महिन्याचा बचत खात्यात, तोही पगाराच्या खात्यात नाही, वेगळ्या बँकेत. बाकीचा मुदत ठेवीत, पण तुकडे पाडून. दीड लाखाची एकच ठेव केली आणि २० हजार लागले तर बहुधा अख्खी मोडावी लागते, आणि मुदतीआधी मोडली की साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापलं जातं. त्याऐवजी २५-२५ हजारांच्या सहा ठेवी करा, वेगवेगळ्या महिन्यांत संपणाऱ्या. करबचतीची पाच वर्षांची ठेव यात घेऊ नका, ती मोडताच येत नाही. ठेव नवरा-बायकोच्या नावे ‘दोघांपैकी कोणीही’ अशी ठेवा आणि नामनिर्देशन भरलंय का तेही तपासा.

सहकारी बँक असो की मोठी सरकारी, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज धरून. फेब्रुवारी २०२० आधी ते फक्त १ लाख होतं. एकाच बँकेच्या सीताबर्डी आणि सक्करदरा शाखेत तीन-तीन लाख ठेवले तर ते सहा लाख एकत्रच मोजले जातात. रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेवर निर्बंध घातले तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायला हवी. पण तुमच्याकडे एकूण दिवसच नव्वद असतील तर? म्हणून दोन बँका.

पतसंस्थेच्या ठेवीला हे विमा संरक्षण अजिबात नाही. पाटी सहकारी बँकेसारखी दिसते, व्यवस्थापक ओळखीचा असतो, एक-दीड टक्का व्याज जास्त मिळतं, पण ती बँक नव्हे. राखीव पैसा तिथे ठेवू नका. आधीच असेल तर मुदत संपताच काढून आणा, कर्जदारांचे हप्ते थकायला लागण्याआधी.

पीपीएफला कमी लेखू नका. तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात त्यावर कर्ज मिळतं, पीपीएफच्या दरापेक्षा फक्त एक टक्का जास्त व्याजाने, आणि सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते. खातं जिवंत ठेवायला वर्षाला ५०० रुपये पुरतात.

शेअर बाजारातल्या एसआयपीबद्दल एवढंच: तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा, मुलीच्या प्रवेशाचा वगैरे, तिथे असेल तर आत्ता बाहेर काढा, बाकीचा राहू द्या. सेन्सेक्स जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांच्या आसपास होता, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला आणि वर्ष संपायच्या आत पुन्हा ४२ हजारांच्या वर गेला. नुकसान त्यांचं झालं ज्यांना एप्रिलमध्ये फीसाठी विकावं लागलं.

घराचं कर्ज: सवलत नेहमी स्वस्त नसते

मंदीत रिझर्व्ह बँक बहुधा रेपो दर (ज्या व्याजाने ती बँकांना पैसा देते) उतरवते. मे २०२० मध्ये तो ४ टक्क्यांवर आला होता. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात, त्यांना कपातीचा फायदा लवकर मिळतो. तुमचं कर्ज त्याआधीचं असेल तर शाखेत जाऊन कोणत्या दराला जोडलंय ते विचारा. थोडं शुल्क भरून बदलून घेता येतं. हे काम आजच करण्याजोगं आहे. दर उतरला की बँक बहुधा किस्त तीच ठेवून मुदत कमी करते. हात तंग असेल तर किस्त कमी करायला लेखी अर्ज द्यावा लागतो, आपोआप होत नाही.

आणि किस्त पुढे ढकलण्याची सवलत? २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट अशी ती मिळाली होती आणि अनेकांनी माफी समजून घेतली. व्याज चालूच होतं. २५ लाखांचं नवं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, किस्त साधारण २१,७००. सुरुवातीचे सहा हप्ते भरले नाहीत तर १ लाख ८ हजारांचं व्याज मुद्दलात चढतं. नंतर किस्त तीच ठेवली तर २४० ऐवजी २७० हप्ते भरावे लागतात. सहा हप्त्यांचे १ लाख ३० हजार आज वाचवून पुढे तीस जादा हप्त्यांचे साडेसहा लाख. कर्ज जुनं असेल, शेवटच्या काही वर्षांत असेल, तर हाच फटका बराच कमी बसतो. घरात चूल पेटायची पंचाईत असेल तर सवलत जरूर घ्या. खात्यात पैसा असताना ‘मिळतेय तर घेऊ’ म्हणून घेऊ नका.

हप्ता चुकणार हे दिसताच, चुकण्याआधी, बँकेला लिहा. चुकल्यावर तुमच्या खात्याची बँक हप्ता परत गेल्याचा दंड लावते, कर्ज देणारी बँक वेगळा लावते, आणि नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए (अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्ज) होतं. त्यानंतर बोलणी अवघड. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची मुभा नाही, हेही लक्षात असू द्या.

सोनं विकण्यापेक्षा बँकेत गहाण ठेवणं अनेकदा परवडतं, पण कर्ज दागिन्याच्या वजनावर नाही, खडे-मणी वगळून राहिलेल्या निव्वळ सोन्यावर मिळतं. शांतपणाच्या दिवसांत इतवारीच्या सराफाकडून प्रत्येक दागिन्याचं निव्वळ वजन आणि शुद्धता लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. गळ्यातल्या जड पोहेहारात प्रत्यक्ष सोनं किती हे गरजेच्या दिवशी काउंटरवर कळणं फार वाईट. ‘महिन्याला फक्त तीन टक्के’वाल्याकडे जाऊ नका, ते वर्षाला छत्तीस होतात.

एक जागा राहतेच: जामीन. साडूच्या, सहकाऱ्याच्या कर्जावर तुमची सही असेल तर त्याचा हप्ता थांबताच वसुली थेट तुमच्याकडे येऊ शकते, आधी त्याच्यामागे लागायचं बंधन बँकेवर नाही. सिबिलसारख्या प्रत्येक पतमापन कंपनीकडून वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो. तो काढा. विसरलेले जामीन त्यात दिसतात, आणि कधी कधी न घेतलेलं कर्जही.

विमा नोकरीवर विसंबून ठेवू नका

कंपनीचा आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. तेव्हा नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून कुटुंबाची स्वतःची पॉलिसी नोकरी असतानाच घ्या, रक्कम लहान का असेना. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ठरलेल्या यादीतले आणि योजनेतल्या रुग्णालयांतच. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांचं आयुष्मान कार्ड उत्पन्न न पाहता निघतं. रेशनकार्डावर नावं बरोबर आहेत का हे मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या रांगेत उभं राहून कळण्याआधी बघा. बँकेतून घेतलेल्या जीवनज्योती (आयुर्विमा) आणि सुरक्षा (अपघात विमा) योजनांचे ४३६ आणि २० रुपये दरवर्षी मेअखेर कापले जातात. त्या दिवशी खात्यात तेवढे पैसे हवेत.

कोठीतलं धान्य हीसुद्धा रोकड

वर्षाचं धान्य भरायची विदर्भातली पद्धत इथे कामी येते. चौघांना महिन्याला साधारण १५ किलो गहू, १० किलो तांदूळ, ३ किलो तूरडाळ लागते, म्हणजे वर्षाला पावणेदोन क्विंटल गहू, सव्वा क्विंटल तांदूळ आणि ३५-४० किलो डाळ. गहू मार्च-एप्रिलमध्ये, नवा तांदूळ हिवाळ्यात, दोन-चार घरांनी मिळून कळमन्याच्या ठोक बाजारातून आणला की भाड्याचा खर्च वाटला जातो. गव्हाला दोन-तीन कडक उन्हं द्या, पण ऊन उतरल्यावर लगेच कोठीत भरू नका. गरम धान्याची वाफ झाकणाखाली धरते आणि तिथूनच बुरशी आणि सोंडे सुरू होतात. रात्रभर पसरून थंड करा, वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांत घाला. तांदळाला कडक ऊन दाखवू नका, कणी होते. आणि धान्य कार्डावर किंवा उधारीवर भरत असाल तर ते रोकड नव्हे, नुसतं कर्ज.

कागद, आणि पहिला आठवडा

पीएफच्या पोर्टलवर आजच लॉगिन करून नाव, जन्मतारीख, आधार आणि बँक खातं जुळतंय का पाहा. आधारवर आडनाव आधी आणि पीएफमध्ये शेवटी, एवढ्यावर दावा अडकतो. दुरुस्तीला मालकाची मंजुरी लागली तर तो नोकरी असताना फोन उचलतो.

कपात आलीच तर घाईने राजीनामा लिहून देऊ नका. कामगार वर्गात मोडणाऱ्याला वर्षभराच्या सलग सेवेनंतर कामावरून कमी केलं तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई मिळते. ‘स्वखुशीने’ सोडलं असं लिहिलं की ती जाते. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मोजा: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. निघताना सेवामुक्तीचं पत्र, शेवटच्या तीन स्लिपा, फॉर्म १६ घ्या आणि पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरायला लावा. २१ हजारांपर्यंत पगार असून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर नोकरी गेलेल्यांसाठीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करा. अटी बसल्या तर सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. योजना मुदतीची आहे आणि सरकार ती वाढवत आलंय, म्हणून ती सध्या लागू आहे का हे ईएसआयसीच्या शाखेत आधी विचारा.

त्याच आठवड्यात वरच्या यादीतले काट मारलेले सगळे खर्च बंद करा, ‘एक महिना बघू’ नको. वर्गणीचे ऑटो-डेबिट बँकेच्या ॲपमधून रद्द करा. आणि पगाराचं खातं: काही महिने पगार जमा झाला नाही की ते साधं बचत खातं होतं आणि काही बँकांत किमान शिल्लक नसल्याचा दंड सुरू होतो.

शेवटची तपासणी एका रविवारी करून पाहा. घरातल्या ज्या माणसाने आजवर पैशाचं पाहिलेलं नाही, त्याच्यासमोर फाइल ठेवा आणि सांगा: एक ठेव मोडायचा अर्ज भर, आरोग्य विम्याचं कार्ड शोध, वीजबिल भर, किस्त कोणत्या तारखेला कोणत्या खात्यातून जाते ते सांग. जिथे तो अडेल तिथला कागद किंवा पासवर्ड फाइलमध्ये नाही. तो त्याच दिवशी घाला.